मदत हवी आहे: प्राँगहॉर्न, म्यूल डिअर आणि एल्क या हरणासारख्या तिन्ही जनावरांसाठी एकच काडतूस चालेल का?

नमस्कार. मी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या उत्तर भागात राहतो. या हंगामासाठी मला प्राँगहॉर्न मादी आणि म्यूल डिअर यांचे परवाने सोडतीत मिळाले असून एल्कचा परवाना मी सोडतीविना मिळणाऱ्या परवान्यांमधून घेणार आहे. शिकारीच्या सुरक्षिततेचा सक्तीचा अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे. रायफल ३०-०६ स्प्रिंगफील्ड या मापाच्या काडतुसाची, बोल्ट ॲक्शनची (दर गोळीमागे हाताने दांडा ओढायची) आणि २२ इंची नळीची आहे. नळीच्या आतील खाचांचा पीळ १० इंचांत एक वेढा असा आहे. तेव्हा रायफल कोणती घ्यावी हा प्रश्न नाही, तिच्यात काय भरावे एवढाच आहे.

अडचण अशी की ही तीन जनावरे अंगापिंडाने एकमेकांच्या जवळपासही नाहीत. प्राँगहॉर्न आपल्या काळविटाहून जरा थोराड, म्हणजे ४० ते ५५ किलोंचे; एल्कचा नर मात्र ३०० किलोंच्या पुढे जातो आणि त्याच्या खांद्याचे हाड व त्यावरचे मांस भेदून गोळीला फुप्फुसापर्यंत पोहोचायचे असते. राज्याचा नियम वाचला आहे: गोळीचा व्यास किमान ६ मिलिमीटर, गोळी आघातानंतर फुलणारी, वजन हरीण व प्राँगहॉर्नसाठी किमान ७० ग्रेन (गोळीच्या वजनाचे एकक) आणि एल्कसाठी किमान ८५ ग्रेन, शिवाय १०० यार्डांवर किमान १००० फूट-पौंड ऊर्जा. ३०-०६ चे कोणतेही शिकारी काडतूस या अटींत आरामात बसते, त्यामुळे निवडीसाठी नियमाचा काहीच उपयोग होत नाही.

दुकानात मला तीन वेगवेगळे सल्ले मिळाले. एकाने १५० ग्रेनची साधी सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसे उघडे असलेली) गोळी प्राँगहॉर्न व हरणासाठी आणि १८० ग्रेनची एल्कसाठी घ्यावी, असे सांगितले. दुसऱ्याने १६५ ग्रेनची बाँडेड (शिसे आवरणाला घट्ट जोडलेली) गोळी तिन्हींसाठी सुचवली. तिसऱ्याने शिसे अजिबात नसलेली, पूर्ण तांब्याची गोळी घ्या म्हणून आग्रह धरला. घरात लहान मुले आहेत आणि हे मांस वर्षभर खाल्ले जाणार आहे, त्यामुळे शिशाचा मुद्दा मला सहज बाजूला सारता येत नाही. मात्र तांब्याची गोळी लहान जनावरात न फुलता आरपार निघून जाते, असेही ऐकले आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचे दार बंद झाले, आणि ते योग्यच झाले. पण त्यामुळे असे प्रश्न ज्यांना विचारावेत अशी वडीलधारी माणसे आपल्या घरांत उरलेली नाहीत. म्हणून येथे विचारतो आहे. एकच काडतूस ठेवावे की दोन? एकच ठेवायचे तर कोणत्या वजनाचे आणि कोणत्या घडणीचे? प्रत्यक्ष वापर केलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर माझ्याकडे नाही, परंतु हा धागा एच-१बी वर असलेले अनेक जण वाचतील म्हणून एक गोष्ट नोंदवतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीला बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या थोड्या अपवादांपैकी एक आहे, आणि तो परवाना मुदतीत असावा लागतो. ग्रीनकार्डधारकांना ही आडकाठी नाही. नुसती काडतुसांची पेटी घरात आणून ठेवण्याआधीही आपली स्थिती तपासावी.

प्रतिसाद २

एकच ठेवा. याचे कारण गोळीच्या ताकदीत नसून नेमात आहे. एकाच रायफलमधून १५० आणि १८० ग्रेनच्या गोळ्या एकाच जागी लागत नाहीत. १०० यार्डांवर दोन-तीन इंचांचा फरक पडणे नेहमीचे आहे, आणि तो केवळ वर-खालीच नसतो, डावी-उजवीकडेही असतो. काडतूस बदलले की स्कोप (रायफलवरची नेमाची दुर्बीण) पुन्हा जुळवावा लागतो, आणि पहाटेच्या अंधारात, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी खिशातून भलतेच काडतूस निघाले तर ते कळायचेही नाही.

गोळीचे वजन ही चर्चा जुन्या काळातून आलेली आहे. साध्या गोळीत शिशावर तांब्याचे पातळ आवरण असते. जवळून, वेगात असताना ती हाडावर आदळली तर तिचे तुकडे होऊन निम्मेअधिक वजन वाटेतच झडते. म्हणून एल्कसाठी १८० ग्रेन घ्या, म्हणजे झडून झडूनही पुरेसे उरेल, असा तो हिशेब होता. १९४० च्या दशकात नॉस्लर यांनी गोळीच्या पोटात तांब्याचा आडवा पडदा ठेवून पुढचा भाग फुलणारा आणि मागचा भाग शाबूत राहणारा अशी पार्टिशन गोळी बनवली, तेव्हापासून हा हिशेब बदलत गेला. बाँडेड गोळीत शिसे आवरणाला रासायनिक किंवा उष्ण प्रक्रियेने घट्ट जोडलेले असते. पूर्ण तांब्याची गोळी १९८९ साली बार्न्स कंपनीने बाजारात आणली. तिच्या टोकाच्या पाकळ्या उलगडतात आणि वजन जवळपास सगळे टिकते. वजन टिकत असेल तर ते मुळात जास्त घेण्याचे कारण राहत नाही. १६५ किंवा १६८ ग्रेनची बाँडेड वा तांब्याची गोळी एल्कला पुरून उरते.

आता प्राँगहॉर्नविषयी. तांब्याची गोळी लहान जनावरात फुलत नाही, हे मला अर्धसत्य वाटते. फुलण्यासाठी तिला वेग लागतो, साधारणपणे सेकंदाला १८०० ते २००० फूट. ३०-०६ मधून १६५ ग्रेनची गोळी नळीतून सुमारे २८०० फुटांच्या वेगाने निघते आणि ३०० यार्डांवरही तिचा वेग २२०० च्या आसपास असतो, तेव्हा तेथवर ती फुलणारच. मात्र फुलून आरपार निघून जाते, हे खरे. नुसत्या बरगड्यांतून गेली तर जनावर थोडे अंतर धावून मग पडते. म्हणून तांब्याच्या गोळीने नेम जरा पुढे, खांद्यालगत धरावा. उलट १५० ग्रेनची साधी वेगवान गोळी प्राँगहॉर्नच्या खांद्यावर बसली तर तेथले मांस रक्ताळून जेलीसारखे होते आणि ते कापून टाकावे लागते, म्हणजे इवल्याशा जनावराचा एक अख्खा खांदा गेला.

आरपार जाण्याचा खरा धोका निराळाच आहे आणि दुकानात तो कोणी सांगत नाही. प्राँगहॉर्न मोकळ्या माळावर कळपाने उभे असतात. आपल्या मादीच्या मागे दुसरी उभी असेल तर एका गोळीत दोन पडतील आणि परवाना एकाचाच आहे. मागे मोकळी माती दिसेपर्यंत थांबावे.

शिशाबद्दल आपण सावध आहात ते योग्य आहे. २००८ साली नॉर्थ डकोटात दान आलेल्या हरणाच्या खिम्याचे क्ष-किरण चित्र काढले असता त्यात शिशाचे बारीक कण दिसले आणि अन्नछत्रांना ते मांस वाटू नये असे सांगण्यात आले. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीसाठी शिशाची गोळी बंद आहे, मुख्यतः काँडर गिधाडांसाठी. कोलोरॅडोत तशी बंदी नाही, पण घरात लहान मुले असतील तर मी दुसरा विचार करणार नाही: तांबे.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. कळप आणि मागची माती हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. दोन शंका राहिल्या. तांब्याची काडतुसे साध्यांपेक्षा बरीच महाग आहेत. सराव स्वस्त काडतुसांवर केला तर चालेल का? आणि स्कोप किती यार्डांवर जुळवावा?

प्रतिसाद २

सरावाला स्वस्त काडतुसे जरूर वापरा, शक्यतो १६५ ग्रेनचीच, म्हणजे खांद्याला बसणारा धक्का ओळखीचा राहील. सराव बाकावरून कमी आणि बैठक मारून, काठीच्या टेकूवर जास्त करा, कारण माळावर बाक नसतो. हंगामाच्या दोन-तीन आठवडे आधी नळी तांब्याचा थर काढणाऱ्या द्रावणाने स्वच्छ करून शिकारीच्या काडतुसांनी स्कोप नव्याने जुळवा. त्यासाठी एकाच लॉट क्रमांकाची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली, दोन खोकी घ्या. क्रमांक खोक्यावर छापलेला असतो. एक खोके जुळवणीत जाईल, दुसरे हंगामासाठी राहील. प्रत्येक काडतुसाच्या पितळी बुडावर कोरलेले नाव वाचूनच ते खिशात घाला. .२७० विंचेस्टर हे वेगळ्या मापाचे काडतूस ३०-०६ च्याच कुळातले असल्यामुळे वरवर पाहता दोन्ही सारखीच दिसतात, आणि दुकानातही दोन्ही शेजारी शेजारी मांडलेली असतात.

स्कोप २०० यार्डांवर जुळवा. तेव्हा १०० यार्डांवर गोळी सुमारे २ इंच वर आणि ३०० यार्डांवर सुमारे ८ इंच खाली लागते. उंचावर हवा विरळ असल्याने हा उतार किंचित कमी होतो, मात्र त्यावर विसंबू नका. पहिल्या वर्षी ३०० यार्ड ही सीमा माना, वारा असेल तर २००; प्राँगहॉर्नच्या माळावर वारा नसलेला दिवस क्वचितच मिळतो. एल्क बहुधा दाट झाडीत, शंभर यार्डांच्या आत दिसेल, आणि तेथे हा सगळा हिशेब लागणार नाही. फक्त फांद्यांमधून गोळी सोडू नका, कारण बोटाएवढ्या काटकीनेही ती वाट बदलते.