बाळाचा मेंदू नेमका कितव्या महिन्यात तयार होतो?

शाहूपुरीची_धाकटी
वहिनीला सातवा आठवडा चालू आहे. डॉक्टरांनी फोलिक ॲसिड लिहून दिलंय. गावाकडनं आत्या आल्यात, त्या म्हणतात, "मेंदू पाचव्या महिन्यात, बाळ फिरायला लागलं की. आत्तापासनं गोळ्या कशाला?" वहिनीनं दोन दिवस गोळी घेतलेली नाही. खरं काय, कुणी नीट सांगेल का?

निवृत्त_मॅडम
आज रात्रीच्या जेवणानंतर गोळी द्या, मग बाकीचं वाच. कोल्हापुरातच बीएस्सीच्या मुलांना भ्रूणविज्ञान शिकवत आले, म्हणून सविस्तर लिहिते.

डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. सातवा म्हणजे गर्भधारणेपासून साधारण पाचवा. आणि मेंदूची सुरुवात गर्भधारणेपासून तिसऱ्याच आठवड्यात होते. गर्भाच्या पाठीकडचा पेशींचा थर जाड होतो, त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि एकमेकींना चिकटून नळी तयार होते, ती चेतानलिका. ही जुळणी 22व्या दिवसाच्या सुमारास मानेच्या भागात सुरू होते. मधून दाबत करंजी दोन्ही टोकांकडे मिटत न्यावी, तशी ती वर आणि खाली सरकते. डोक्याकडचं तोंड 25व्या दिवसाच्या आसपास बंद होतं, शेपटाकडचं 28व्यापर्यंत. वरचं उघडं राहिलं तर मेंदू आणि कवटीचा बराचसा भाग घडतच नाही, खालचं राहिलं तर पाठीच्या कण्यात दोष राहतो. आतली पोकळी मात्र जन्मभर टिकते. मेंदूतलं पाणी त्याच पोकळ्यांत असतं.

प्रॅक्टिकलला हॅचरीतून फलित अंडी आणायचो. 33 तास उबवलेलं अंडं कोमट सलाईनमध्ये फोडायचं, गाळणकागदाची रिंग ठेवून गर्भ कात्रीनं अलगद सोडवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली नळीचं पुढचं टोक फुगलेलं, दोन्ही बाजूंना डोळ्यांचे फुगवटे, आणि मागचं टोक अजून उघडंच! मुलं खुर्च्या सोडून गोळा व्हायची.

या थराला "तू मेंदू हो" हे शेजारच्या पेशी सांगतात. 1924 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जर्मन शास्त्रज्ञ श्पेमान आणि हिल्डे मँगोल्ड यांनी न्यूटच्या (पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी) भ्रूणातला तसा तुकडा दुसऱ्या भ्रूणात बसवला, तर तिथं दुसरी चेतानलिका उभी राहिली. 1935 चं नोबेल श्पेमानना मिळालं. प्रयोग हिल्डेच्या हातचे होते, पण ती 1924 मध्येच वारली. मला याचं अजून वाईट वाटतं.

गंगावेस_आई
माझ्या पहिल्या बाळाला पाठीवर गाठ होती. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी दिवस राहायच्या आधीच 5 मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. एवढी मोठी का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

निवृत्त_मॅडम
ताई, बरोबर दिली. आधीच्या बाळाला असा दोष असला की डोस मोठा लागतो. 1991 च्या ब्रिटिश चाचणीत 4 मिलिग्रॅमनं तो धोका जवळपास तीन-चतुर्थांश कमी झाला. एरवी रोज 400 मायक्रोग्रॅम पुरतं, पण तेही दिवस राहायच्या आधीपासून. पाळी चुकल्याचं कळतं तेव्हा थर घडायला लागलेला असतो. लग्न ठरलेल्या मुलींना हे कुणी सांगत नाही.

शाहूपुरीची_धाकटी
गोळी दिली मॅडम. पण मग वहिनीच्या बाळाची नळी मिटली असेल ना? आता गोळीचा उपयोग? आणि आत्यांचा पाचवा महिना कुठनं आला?

निवृत्त_मॅडम
मिटलेली असणार, पण पेशी झपाट्यानं वाढतायत, त्यांना फोलेट, म्हणजे या गोळीतलं जीवनसत्त्व, लागतंच. बारावा आठवडा संपेपर्यंत तरी चालू ठेवा, पुढचं डॉक्टर सांगतील. 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका, पाठीचा कणा त्यात नीट तपासतात. आत्यांचंही अगदीच चूक नाही. बाळ आठव्या-नवव्या आठवड्यातच हलायला लागतं, पहिलटकरणीला ते पाचव्या महिन्यात जाणवतं. त्यांना एवढंच समजावून सांग, रागावू नकोस.