लस नाही तर शाळा नाही, रेशन नाही? आधी उसाच्या फडावर या

नर्सबाई
काल इथे एकाने लिहिलं की बाळाच्या लसी पूर्ण नसतील तर आईबापांचं रेशन बंद करा, पोराला शाळेत घेऊ नका, दंड लावा, कायदाच करा म्हणजे सगळे सुतासारखे सरळ येतील. खाली टाळ्या पडल्यात. ते वाचून रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितेय, लांब होईल.

मी एएनएम आहे, म्हणजे उपकेंद्रावरची सरकारी नर्स, १९ वर्षं झाली, सांगली जिल्ह्यात कारखान्याच्या पट्ट्यात उपकेंद्र आहे. दिवाळीच्या पुढंमागं बीड, पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, तळावर कोप्या म्हणजे झोपड्या पडतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ती माणसं इथेच. मागच्या हंगामात एक बाई आली, पोर साडेचार महिन्यांचं, पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा, एकच डोस झालेला, तोही गावाकडे. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर दोरा गुंडाळलेला, कोपरासुद्धा दुमडू दिला नव्हता तिने. म्हणाली बाई सुई टोचा पण ताप येणारी टोचू नका. का, तर पोराला ताप आला की दुसऱ्या दिवशी फडात जाता येत नाही, नाही गेलं की खाडा, आणि खाडा उचलीवर, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांवर, चढतो. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे जोडीने एकच काम धरतात, ती बसली की त्याचंही काम अडतं.

आणि आमचं सेशन दहा ते दोन. टोळी पहाटे चारला जाते ती दिवस मावळताना येते. म्हणजे लस आहे, सिस्टर आहे, आईला टोचून घ्यायचंय, फक्त वेळ जुळत नाही. गोवरची बाटली एकदा तयार केली की चार तासांत संपवायची नाहीतर फेकायची, संध्याकाळसाठी ठेवूनही देता येत नाही. आता सांगा दंड कुणाला लावणार, हिला?

दोन मुलींचा बाप
सिस्टर, ते कालचं मीच लिहिलंय आणि मागे घेणार नाही. तुमच्या बाईबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण माझ्या सोसायटीतल्या लोकांशी आहे. पुण्यात राहतो. तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब, दोघंही इंजिनिअर, मुलाला एकही लस नाही, का तर शरीराला नैसर्गिकरीत्या लढू द्यावं. त्या मुलाला गोवर झाला, तोपर्यंत तो आमच्याकडे खेळून गेला होता. माझी धाकटी सात महिन्यांची. गोवरची लस नऊ महिन्यांना देतात, म्हणजे ती घ्यायची तारीखच आली नव्हती. सहा दिवस ऑक्सिजनवर होती. पट्टी लावलेला तो इवलासा हात अजून दिसतो मला. त्यांचा मुलगा आठवड्यात बरा होऊन खाली सायकल चालवत होता आणि लिफ्टमध्ये मला म्हणाले, बघा, काही होत नाही. यांना समजावून सांगायचं? मी दोन वर्षं समजावलं. यांना कायदाच पाहिजे.

कडूकारलं
दादा मुलीचं वाचून वाईट वाटलं, पण दुःख झालं म्हणून सरकारच्या हातात सुई आणि दंडुका दोन्ही द्यायचं का? २ मे २०२२ला सुप्रीम कोर्टाने कोविडच्या लसीबद्दल स्पष्ट सांगितलं की कोणाला जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. २०१९ला दिल्ली हायकोर्टाने शाळांमधली गोवर-रुबेलाची मोहीम थांबवली कारण पालकांची संमतीच घेतली नव्हती. माझ्या भाच्याला पेंटानंतर रात्री ताप चढून झटका आला. पोरगं आता ठणठणीत आहे, पण त्या रात्री बहीण दवाखान्यात विचारत होती हे कशाने झालं तर एकाने तोंड उघडलं नाही, कागदावर नुसतं ताप लिहिलं. अमेरिकेत १९८६पासून लसीने इजा झाली तर भरपाईचा कायदा आहे. आपल्याकडे नेहमीच्या लसींना असं काही आहे? आणि ३१ जानेवारी २०२१ला यवतमाळ जिल्ह्यात १२ पोरांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं. अशा यंत्रणेला सक्तीचा अधिकार देऊ?

दोन मुलींचा बाप
तो निकाल पूर्ण वाचा. साथ रोखायला सरकार वाजवी बंधनं घालू शकतं हेही त्यातच आहे. अर्धं वाचायचं आणि पोरांच्या जिवावर वाद घालायचा.

कडूकारलं
अर्धं नाही वाचलेलं. बंधन घालायला धोका किती ते आधी दाखवावं लागतं हेही त्यातच आहे.

वरदाची आई
मधेच विचारते. ताप येणारी लस असं सिस्टर म्हणाल्या. आमच्या ठाण्यातल्या डॉक्टरांनी पेनलेसच दिली, एकेका वेळचं बिल साडेतीन हजारांच्या घरात, पण वरदाला ताप आला नाही. मग सरकार सगळ्यांना तीच का देत नाही? गरिबाच्या पोराने तापायचं का?

बालरोगवाला
ताई, पेनलेस हे नावच फसवं आहे, सुई तर दोन्हीत टोचतेच. फरक डांग्या खोकल्याच्या भागात. सरकारी पेंटामध्ये मेलेला अख्खा जंतू असतो म्हणून ताप, सूज जास्त. महागडीत त्याची मोजकी प्रथिनं असतात म्हणून त्रास कमी, पण संरक्षणही लवकर ओसरतं. अमेरिकेने नव्वदच्या दशकात सगळी पोरं त्या लसीवर नेली आणि २०१०ला कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याच्या ९,०००वर केसेस झाल्या, दहा तान्ही मुलं गेली. एवढं एकच कारण नव्हतं, पण हे मोठं होतं. बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा पहिल्या तीन डोसांना अख्ख्या जंतूचीच लस बरी म्हणते.

वरदाची आई
म्हणजे साडेतीन हजार देऊन मी कमी टिकणारी घेतली? आणि हे मला कोणी सांगितलं नाही? त्या दिवशी टेबलावर दोन डबे ठेवून विचारलं होतं, ताई तुम्हाला बाळाला त्रास झालेला चालेल का. असं विचारल्यावर कुठली आई हो म्हणेल?

कडूकारलं
हेच तर मी सांगतोय. मार्जिन कशावर जास्त आहे ते बघा.

बालरोगवाला
सगळ्यांना एका मापाने मोजू नका. माझ्या दवाखान्यात मी आधी सांगतो, सरकारी केंद्रात फुकट आहे, तिथे घ्या, आणि अर्धे पालक माझ्याकडेच संशयाने बघतात की फुकट म्हणतोय म्हणजे काहीतरी गडबड असणार. तुम्ही लोकांनीच फुकटची किंमत शून्य करून ठेवलीय.

नर्सबाई
डॉक्टर, हे शेवटचं वाक्य माझ्या मनातलं. आमच्याकडे लस थंड ठेवायची तीच साखळी, तोच आईसपॅक, तापमान सकाळ-संध्याकाळ लिहायचं, लाईट गेली तर आयएलआरचं, म्हणजे लसीच्या फ्रीजचं, झाकण उघडायचं नाही म्हणून आम्ही घरच्यांवर ओरडतो. आणि चारचाकीतून आलेली बाई लसीच्या कॅरिअरकडे, म्हणजे थंड पेटीकडे, बघून नाक मुरडते. वरदाची आई, तुम्हाला नाही म्हणत.

वरदाची आई
मलाच म्हणा, मी मुरडलं होतं.

कडूकारलं
पण ताप आल्यावर काय करायचं हे तरी सांगता का सिस्टर? माझ्या बहिणीला सांगितलं नव्हतं.

नर्सबाई
सांगते. चार गोष्टी दर आईला सांगायच्याच असतात, कुठली लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढची तारीख कधी, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचं. आणि अर्धा तास बसवून ठेवायचं. पण साठ पोरांचं सेशन असलं की सांगणं कमी पडतं, हे मी मान्य करते. तुमच्या बहिणीला कोणी सांगितलं नसेल तर ते चुकलंच.

म्युनिकची मावशी
जर्मनीचं सांगते, मार्च २०२०पासून इथे गोवरची लस कायद्याने सक्तीची आहे. वर्षाच्या वरच्या मुलाला पुरावा दाखवल्याशिवाय पाळणाघरात घेत नाहीत. पण शाळेचं वेगळं, शाळेत जाणं इथे कायद्याने बंधनकारक आहे म्हणून लस नाही तरी मुलाला शाळेतून काढत नाहीत, आईबापांना २,५०० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे रेशन आणि शाळा बंद करा हे इथेसुद्धा नाही. भाच्याचं कार्ड मराठीत होतं, डॉक्टरीणबाईंना शिक्के समजावून सांगताना माझा घाम निघाला.

सांगलीकर आजोबा
मी १९५१चा. आमच्याकडे देवी डॉक्टर यायचा. आला म्हणलं की आजी आम्हाला मळ्यात गव्हाच्या कणगीमागे बसवायची, देवी कोपेल म्हणून. माझ्या डाव्या दंडावर दोन वण आहेत, धाकटा भाऊ लपलेला सापडला नाही, त्याचा चेहरा शेवटपर्यंत खड्ड्याखड्ड्यांचा राहिला. लशीवर माझी श्रद्धा आहे. पण सक्तीचा कायदा काही नवा नाही, इंग्रजांनी १८८०ला केला होता, शहरांत आणि छावण्यांत देवीची लस सक्तीची. त्यानंतर देवी जायला १९७५ उजाडलं. गेली कशाने तर रोगी शोधत घरोघर फिरल्यामुळे, आणि शेवटी तर रोगी दाखवणाऱ्याला हजार रुपये इनाम होतं. पोलिओलाही दंड नव्हता, पोरींनी खांद्यावर डबा घेऊन दारं वाजवली, २०११च्या जानेवारीत हावड्याला शेवटचा रुग्ण.

दोन मुलींचा बाप
आजोबा, तुमच्या आजीला देवीची भीती होती, ती अडाणी होती. माझ्या वरच्या मजल्यावर भीती नाहीये, माज आहे. त्यांच्या दारात डबा घेऊन गेलं तर वॉचमनच वर सोडत नाही.

नर्सबाई
अडाणी म्हणू नका हो. त्या बाईने कार्ड जसं जपलं तसं तुमच्या सोसायटीत कोणी जपलं असेल का?

दोन मुलींचा बाप
शब्द चुकला, घेतला मागे. बरं, रेशनचंही सोडतो, तेवढं तुमचं खरं, ते तिच्याच पोटावर येईल. पण शाळेत आणि पाळणाघरात कार्ड बघितलंच पाहिजे यावरून मी हलणार नाही.

बालरोगवाला
कार्ड बघायला माझीही हरकत नाही. २०२२च्या हिवाळ्यात गोवंडीत गोवर पसरला तेव्हा सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यावा लागला, मुलं दगावली. कोविडात राहून गेलेली पोरं कुठे आहेत हेच कोणाला ठाऊक नव्हतं. कार्ड बघितलं असतं तर निदान यादी झाली असती.

नर्सबाई
बघा की. पण डोस राहिलेला दिसला तर पोराला घरी पाठवू नका, मला फोन करा, मी कॅरिअर घेऊन शाळेत येते. आणि तळावर संध्याकाळी सहानंतरचं सेशन मंजूर करा, माणूस द्या, पेट्रोल द्या. गेल्या हंगामात ती बाई पुन्हा आली नाही म्हणून मी आणि आशाताई रात्री आठला तिच्या कोपीवर गेलो, बॅटरीच्या उजेडात पेंटाचा दुसरा दिला. तापाचं औषध हातात दिलं. तिसऱ्याच्या आधी टोळी दुसऱ्या फडावर हलली, तिथल्या सिस्टरला फोन करून नाव सांगितलंय.

कडूकारलं
पालकांची सही घेऊन असेल तर शाळेत टोचायला माझा विरोध नाही. भरपाईचं मात्र कोणी उत्तर दिलं नाही अजून.

दोन मुलींचा बाप
भरपाई असावीच. यात तुमच्याशी भांडत नाही.

वरदाची आई
सिस्टर, वरदाचा पाच वर्षांचा बूस्टर राहिलाय. सरकारी केंद्रात कोणत्या वारी जायचं?

नर्सबाई
बहुतेक ठिकाणी बुधवारी असतं, तुमच्या केंद्रावर एकदा विचारा. कार्ड घेऊन जा. सापडलं नाही तरी जा.