'अणुभट्टी क्रिटिकल झाली' याला मराठीत काय म्हणायचं?

बाळीवेस:
सोलापुरात विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी अणुविजेवरचे इंग्रजी फलक मराठीत करायचं काम चाललंय. त्यात एक ओळ अशी, की गुजरातमधल्या काक्रापारचा तिसरा संच २२ जुलै २०२० ला पहिल्यांदा क्रिटिकल झाला. त्याचं भाषांतर होऊन आलं ते असं: 'काक्रापारच्या अणुभट्टीने २२ जुलै २०२० रोजी प्रथमच गंभीर स्थिती गाठली.' आणि खाली टाळ्या वाजवणाऱ्या इंजिनिअरांचं चित्र. पारिभाषिक शब्द 'क्रांतिक' आहे हे माहीत आहे, पण फलकापुढे उभ्या आठवीच्या पोराला तो कळणार का? शिवाय 'डिके हीट', भट्टीभोवतीच्या बंदिस्त इमारतीचं 'कंटेनमेंट' आणि गाभा वितळण्याचं 'मेल्टडाउन' अडलेत. फलक दोन बाय तीन फुटांचा, शब्द एका ओळीत बसले पाहिजेत.

सातरस्ता:
'गंभीर' हा दवाखान्यातला अर्थ झाला, पेशंट क्रिटिकल आहे त्यातला. इथे अर्थ नेमका उलटा आहे. युरेनियम-२३५ चा एक अणू फुटला की सरासरी अडीचच्या आसपास न्यूट्रॉन सुटतात. काही शोषले जातात, काही इंधनाच्या गाभ्याबाहेर निसटतात. उरलेल्यांपैकी बरोबर एक पुढचा अणू फोडतो, तेव्हा साखळी वाढत नाही आणि विझतही नाही. त्याला क्रिटिकल म्हणतात. भट्टी रोज वीज देते ती याच अवस्थेत, म्हणजे वर्षानुवर्षं 'गंभीर'च म्हणायची!

पहिल्यांदा क्रिटिकल करताना तर वाफसुद्धा नसते. जड पाण्यात न्यूट्रॉन गिळणारं द्रव्य विरघळवून ठेवलेलं असतं. ते पाणी आयन-विनिमयाच्या नळकांड्यांतून फिरवून ते द्रव्य थोडं थोडं काढतात. प्रत्येक टप्प्यावर थांबायचं, गणकावर न्यूट्रॉन मोजायचे आणि त्या आकड्याचा व्यस्त (एक भागिले तो आकडा) आलेखावर मांडायचा. रेघ उतरत शून्याकडे निघाली की क्रिटिकल कुठे होणार ते आधीच कळतं. तेव्हाची शक्ती इतकी कमी की त्यावर चहाचं आधणही यायचं नाही.

नवीपेठ:
मग 'क्रांतिक'च लिहा. 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणं, ओलांडणं. एक पायरी ओलांडून साखळी स्वतःच्या पायावर उभी राहिली, अर्थ चपखल बसतो. शब्द अवघड वाटतो कारण आपण तो वापरत नाही.

कन्नाचौक:
क्रम् वरून संक्रांतही आलीच की. गड्ड्याच्या यात्रेत संक्रांत गोड असते, पण 'भट्टीवर संक्रांत आली' म्हणा आणि बघा काय होतंय. पोराच्या डोक्यात क्रांती येईल, नाहीतर संक्रांत. तुमची व्युत्पत्ती फलकावर उभी राहून बोलणार आहे का बे?

नवीपेठ:
'बे' कशाला? आणि उद्या सगळंच इंग्रजी ठेवायचं का?

कन्नाचौक:
आहे ते ठेवा. साखर कारखान्याच्या चिमणीवरून आपल्या गावात किती वर्षं वाद चालला, २०२३ च्या जूनमध्ये ती पाडली. तेवढ्या वर्षांत कुणाला तरी वाटलं का, की वाद पाखरावरून चाललाय? इंग्रजी शब्द आला, मराठी झाला, पाखराशेजारी सुखाने बसला. 'क्रिटिकल' पण बसेल.

होटगीकर:
चिमणीचा घोटाळा होत नाही, कारण ती डोळ्यांना दिसते. क्रिटिकल दिसत नाही, म्हणून तिथे दवाखान्यातला अर्थ घुसतो. माझं मत: 'साखळी आपली आपण चालू लागली.' बसतं एका ओळीत.

पण माझी खरी तक्रार 'भट्टी' या शब्दावरच आहे. साखर कारखान्याच्या बॉयलरवर काम करणाऱ्या माणसाच्या मनात भट्टी म्हणजे काय? बगॅस (उसाचं चिपाड) टाकणं थांबवलं की जाळ बसतो. विटा तापलेल्या राहतात, पण नवी उष्णता तयार होत नाही. अणुभट्टीत तसं नाही. न्यूट्रॉन शोषणारे दांडे पडून साखळी तुटली तरी फुटलेल्या अणूंचे तुकडे किरणोत्सारी असतात, ते क्षय पावत उष्णता देतच राहतात. बंद केल्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के, तासाने दीड टक्का, दिवसाने अर्धा टक्का, असं ढोबळमानाने धरा.

हिशोब करून बघा. ७०० मेगावॉट विजेच्या संचात उष्णता २,१०० मेगावॉटच्या वर असते. तिचा अर्धा टक्का म्हणजे १० मेगावॉट. तीस अंशांचं पाणी ओतून त्याची वाफ होऊ द्यायची म्हटलं तर तासाला १४ टन लागतं. म्हणजे १० हजार लिटरचा टँकर दर चाळीस मिनिटांना एक. भट्टी बंद करून एक दिवस उलटल्यानंतरचा हा हिशोब आहे. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या गावाला हे समजावून सांगायला तास लागू नये. 'डिके हीट'ला मी 'मागची धग' म्हणेन.

सातरस्ता:
'मागची धग' झकास. फुकुशिमा त्यावर सांगता येतं. ११ मार्च २०११ ला भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या, ते काम चोख झालं. पुढे तासाभराच्या आत सुनामीचं पाणी डिझेल जनित्रांत शिरलं, पंप थांबले आणि मागची धग निघेना. इंधनावरचं झिर्कोनियमचं वेष्टण तापून वाफेशी भिडलं, हायड्रोजन तयार झाला आणि इमारतींची छपरं उडाली ती त्या हायड्रोजनने. 'अणुस्फोट' छापणाऱ्यांना एवढा फरक कळायला हवा होता.

उलटं उदाहरण आपल्याच देशातलं, नरोरा, ३१ मार्च १९९३. टर्बाइनची पाती तुटली, जनित्रातल्या हायड्रोजनने पेट घेतला, केबली जळाल्या आणि जवळपास १७ तास संचाला वीज नव्हती. भट्टी मिनिटाच्या आत बंद केली होती. मग आगीसाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी वाफजनित्रांत पाणी सोडलं. आतलं गरम पाणी वर, गार खाली, असं आपोआप फिरत राहिलं आणि धग निघाली. गच्चीवरच्या सोलर बंबात पंप नसतो तरी पाणी फिरतं ना, तसंच.

अशोकचौक:
तरी भट्टीवर राग नको. मूळ भ्राष्ट्र, भाजायचं भांडं. प्राकृतात भट्ठ, पुढे भट्टी. सोलापूरच्या पूर्वभागात तेलुगू बोलणारे लोहाराच्या भट्टीला कोलिमी म्हणतात. जाळ, भाता, ऐरण सगळं त्यात येतं. शब्द मुळात भाजण्याचा आहे, जाळण्याचा नाही. म्हणजे होटगीकरांची तक्रार व्युत्पत्तीतच निकालात निघाली.

होटगीकर:
काका, भाजायला जाळ लागतोच की.

भवानीपेठ:
तुम्ही सगळे शब्द गुळगुळीत करायच्या मागे आहात असं वाटायला लागलंय. 'धग' काय, 'चालू लागली' काय. नरोराला अणुदुर्घटनांच्या आंतरराष्ट्रीय मापात तिसरी पातळी मिळाली. त्या मापात १ ते ३ ही 'घटना' आणि ४ ते ७ हा 'अपघात'. १७ तास वीज नाही आणि नाव काय, तर घटना! अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड ५, चेर्नोबिल आणि फुकुशिमा ७. लोकांना अडाणी म्हणायचं आणि शब्द मात्र आपल्या सोयीचे द्यायचे, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

सातरस्ता:
मुद्दा रास्त आहे. पण ते माप बाहेर किती किरणोत्सारी द्रव्य गेलं, कामगारांना किती मात्रा बसली आणि किती संरक्षक थर खचले यावर ठरतं. नरोरात बाहेर काही गेलं नाही, थर मात्र भराभर खचले, म्हणून तीन. 'घटना' शब्द मिळमिळीत आहे हे मान्य. 'बिघाड' म्हणा हवं तर.

सोयीच्या अर्थाचं खरं उदाहरण थ्री माइल आयलंडचं. २८ मार्च १९७९. दाब सोडायची झडप उघडी अडकली होती. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र विझला, म्हणून सगळ्यांना झडप बंद वाटली. तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. 'बंद हो' असा हुकूम गेला, एवढंच सांगत होता. त्यात दाब राखणाऱ्या टाकीतली (प्रेशरायझर) पाण्याची पातळी वर दिसत होती, म्हणून ऑपरेटरांनी आपत्कालीन पाणी कमी केलं. दोन तासांच्या वर पाणी त्या झडपेतून जात राहिलं आणि जवळपास निम्मा गाभा वितळला. 'झडप बंद आहे' आणि 'झडप बंद करायला सांगितलंय' ही मराठीत दोन वाक्यं आहेत, पॅनेलवर दिवा एकच होता.

भवानीपेठ:
हे आवडलं. 'सर्व काही नियंत्रणात आहे' हे वाक्यही त्याच दिव्यासारखं असतं.

कन्नाचौक:
मला 'लागण' शब्दाचा जास्त राग येतो. 'किरणोत्सर्गाची लागण' म्हणजे काय साथ आहे? डाईंग हाऊसमध्ये हाताला रंग लागतो, तो साबणाने निघतो आणि न धुता दुसऱ्याला हात लावला तर त्यालाही लागतो. हे दूषण. त्याच डाईंग हाऊसमध्ये बॉयलरजवळ उभं राहिलं की शेक लागतो. बाजूला झालं की शेक संपला, तो दुसऱ्याला देता येत नाही. हा मारा. पहिल्यात अंग धुवायचं, कपडे पिशवीत बांधायचे. दुसऱ्यात अंतर, वेळ आणि मध्ये आडोसा. शब्द एकच वापरला तर माणूस नको तिथे पळतो आणि पळायचं तिथे उभा राहतो.

नवीपेठ:
प्रारण हा चांगला शब्द पडून आहे. रेडिएशन म्हणजे प्रारण आणि द्रव्याचा गुण म्हणजे किरणोत्सार. वर्तमानपत्रांनी 'किरणोत्सर्ग' दोन्हीकडे ठोकून सगळं एक केलं.

सातरस्ता:
आणि आकडा एककाशिवाय छापतात. बेकरेल म्हणजे सेकंदाला किती अणू क्षय पावले. सिव्हर्ट म्हणजे शरीराला मात्रा किती बसली. निसर्गातून जगभर सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. आपल्याकडे अणुवीज केंद्रामुळे सामान्य माणसाला वर्षाला जास्तीत जास्त १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे, कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने २०. 'दहा हजार बेकरेल' वाचून घाबरायचं की नाही, हे एका शब्दावर ठरत नाही. कशात, किती किलोत आणि कुठलं द्रव्य ते विचारावं लागतं. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, सीझियम-१३७ ला तीस वर्षं लागतात. आणि तीस दुणे साठ वर्षांत सीझियम संपत नाही, पाव उरतं.

बाळीवेस:
माहिती छान, पण कंटेनमेंट राहिलं. 'घुमट' लिहू का?

अशोकचौक:
घुमट नको. घुमट म्हटलं की सोलापूरकर विजापूरला पोचतो, गोल घुमटात हाक मारून किती वेळा परत येते ते मोजायला. शब्द फारसी गुंबदवरून, त्याचं काम वर झाकायचं. कंटेनमेंटचं काम आतला दाब धरून ठेवायचं. 'कोंडणी' कसं वाटतं?

होटगीकर:
गुरं कोंडतात. 'कवच' बरं. आपल्याकडच्या जड पाण्याच्या नव्या संचांत ते दुहेरी असतं. आतली भिंत ताणलेल्या तारांच्या काँक्रीटची, बाहेर दुसरी भिंत आणि मधल्या पोकळीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात. गळती झालीच तर पोकळीत येते, तिथून गाळून काढता येते. आणि घुमटाचं म्हणाल तर, कर्नाटकातल्या कैगाला १९९४ मध्ये बांधकाम चालू असतानाच आतल्या घुमटाच्या काँक्रीटचा थर सुटून खाली आला होता. तेव्हा भट्टीत इंधन नव्हतं. ताणलेल्या तारा वळतात तिथे काँक्रीटला आडव्या दिशेने ओढ बसते, तिथे सळई कमी पडली की थर सुटतो.

नवीपेठ:
कवच ठीक. पण बाळीवेस, तुमच्या दुसऱ्या फलकावर 'अणूभट्टी' छापलंय. सुटा 'अणू' दीर्घ, समासात 'अणु' ऱ्हस्व.

भवानीपेठ:
आणि 'परमाणु' कुठे गेला? हिंदी फलकावर तो असतो.

अशोकचौक:
हिंदीत अणु म्हणजे आपला रेणू. आपला अणू तो त्यांचा परमाणु. शेजारी शेजारी फलक लावले तर एकच शब्द दोन अर्थांनी दिसेल.

बाळीवेस:
छपाई उद्या दुपारी आहे. 'गंभीर स्थिती' खोडली. 'मागची धग' आणि 'कवच' घेतो. क्रिटिकल आणि मेल्टडाउनचं काय ठरलं?

नवीपेठ:
क्रांतिक.

कन्नाचौक:
क्रिटिकल.

अशोकचौक:
मेल्टडाउन नंतर बघू. रेणूवर एक आठवलं, मूळ रेणु म्हणजे धूळ...