जामिनाच्या अटीमुळे मुलांची भेट बंद; मार्ग काय?

नवा_वकील
विवाहितेच्या छळाचा गुन्हा, न्याय संहिता कलम ८५. सत्र न्यायालयाने नवऱ्याला अटकपूर्व जामीन दिलाय. अट: 'अर्जदाराने फिर्यादी व तिच्या कुटुंबीयांशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संपर्क साधू नये.' सहा आणि नऊ वर्षांची मुलं आईकडे आहेत. 'कुटुंबीय' म्हणजे मुलंही का? कौटुंबिक न्यायालयाचा भेटीचा आदेश मिळाला तर पुरेल?

जुनी_निशाणी
मुलंही धरूनच चाला. सोयीचा अर्थ लावून शाळेच्या गेटवर उभं राहिलं की जामीन रद्द करण्याचा अर्ज पडलाच म्हणून समजा. भेटीच्या आदेशाने जामिनाची अट आपोआप सुटत नाही. ज्या सत्र न्यायालयाने ती घातली तिथेच दुरुस्तीचा अर्ज द्या. (दंडाधिकाऱ्यांची अट असती तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ४८३(१)(बी) खाली सत्र न्यायालयात.)

'मुलांना अट लागू करू नये' एवढंच मोघम मागितलं की अर्ज फेटाळला जातो. वेळापत्रकच लिहा: रविवारी ११ ते १, अमुक बाग, बुधवारी संध्याकाळी ७ ला १५ मिनिटं व्हिडिओ कॉल, ने-आण कोण करणार त्याचं नाव, फिर्यादीशी बोलणं नाही. आत्या किंवा आजी सहआरोपी असेल तर ने-आणीला तिचं नाव नको. सरकारी वकिलांचा 'से' (अर्जावरचं लेखी म्हणणं) यायला तारखा जातात, म्हणून अर्जाची प्रत त्यांना आणि फिर्यादीच्या वकिलांना आधीच द्या.

आधार: सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, लोखंडवाला वि. महाराष्ट्र राज्य, २०२०. अट तिच्या हेतूच्या प्रमाणात हवी. इथे हेतू साक्षीदारावर दबाव येऊ न देण्याचा. मूल बापापासून तोडण्याचा नव्हे.

पालक_कायदा
एक भर. आधी मुलांचे पोलिसांनी जबाब घेतलेत का ते पाहा. घेतले असतील तर तिसऱ्या व्यक्तीच्या देखरेखीत भेट मागा आणि 'खटल्याविषयी बोलणार नाही' अशी लेखी हमी जोडा. मुलालाच मारहाण झाल्याचा आरोप असेल तर अट योग्यच आहे, तिथे घाई करू नका.

भेटीसाठी पालक व पाल्य कायदा १८९०, कलम १२ चा अंतरिम अर्ज. मूल राहतं त्या जिल्ह्यातच. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा अर्ज चालू असेल तर त्याच कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारीही भेट ठरवू शकतात. व्हिडिओ कॉलसाठी साहू वि. राजस्थान राज्य, २०२० दाखवा.

दुरुस्त आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल तपासी अंमलदाराला देऊन पोच घ्या. पहिल्या भेटीला एक प्रत जवळ असू द्या.