कूर्चा, कास्थी की उपास्थी?

नमस्कार. बडोद्यातल्या आमच्या मराठी मुलांसाठी माशांवर माहितीपत्रक लिहिते आहे. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा पाहताना एकाने विचारलं, "सगळ्यात पहिल्या माशाचा सांगाडाही असाच होता का?" देवमासा हा मासा नव्हे, हे आधी सांगितलं. मग उत्तर लिहायला बसले आणि शब्दापाशी अडले.

मुशी (लहान शार्क), पाकट यांचा सांगाडा ज्या चिवट, लवचीक पदार्थाचा असतो (आपल्या नाकाच्या शेंड्याला असतो तोच) त्याला काय म्हणावं? इथली मुलं गुजराती पुस्तकांतून 'कास्थी' शिकतात, महाराष्ट्राच्या पुस्तकांतही तोच शब्द. इंदूरच्या माझ्या भाच्याला हिंदीतून 'उपास्थि' शिकवतात. 'कूर्चा'ही वाचलेला. मी 'उपास्थी' घेतला आणि वाक्य उतरलं: "शार्कची उपास्थी अजून हाड झालेली नाही." बरोबर आहे?

प्रतिसाद

ताई, वाक्य चुकलं आहे, आणि ते त्या शब्दाने चुकवलं आहे. उपनदी, उपनगर, उपाध्यक्ष: 'उप' लागला की खालची पायरी, म्हणून 'उपास्थी' म्हटलं की कच्चं, अर्धवट हाड वाटतं. सुश्रुतसंहितेत अस्थींचे पाच प्रकार आहेत: कपाल, रुचक, तरुण, वलय, नलक. नाकाकानातली ती 'तरुण', म्हणजे पुढे पक्की होणारी. माणसाच्या गर्भापुरतं ते बरंचसं खरं आहे. हातापायांची हाडं आधी कूर्चेची असतात, मग त्यांच्या जागी हाड येतं.

माशांचा इतिहास मात्र वेगळा आहे. ऑस्ट्रेलियातला अरँडास्पिस आणि बोलिव्हियातला सकाबम्बास्पिस हे ४५ कोटी वर्षांहून जुने, जबडा नसलेले मासे. त्यांच्या डोक्याभोवती हाडाच्या पट्ट्या होत्या. आतला सांगाडा मऊ असल्याने दगडात टिकलाच नाही. म्हणजे हाड आधी आलं ते अंगावर. कूर्चेच्या आत हाड भरू लागलं ते पुष्कळ नंतर.

मग शार्क? त्याची कूर्चा ही जुनी, अर्धवट अवस्था, असं फार काळ मानलं जाई. २०२० साली मिंजिनिया या मंगोलियातल्या माशाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचा हा मासा प्लॅकोडर्म, म्हणजे जबडा असलेल्या चिलखती माशांच्या गटातला, आणि त्याच्या कवटीच्या आतही हाड सापडलं. शार्क आणि हाडाचे मासे यांच्या वाटा फुटण्याआधीचा हा गट. तेव्हा शार्कच्या पूर्वजांना आतलं हाड असावं आणि पुढच्या पिढ्यांनी ते सोडलं असावं, हे मत आता बळावलं आहे. 'अजून झालेली नाही' याच्या अगदी उलट! म्हणून मला 'कूर्चा' आवडतो. तो हाडाशी तुलनाच करत नाही.

प्रतिसाद

आमचं कुटुंब मूळचं रत्नागिरीचं. घरात हाड कोंबडीचं, माशाचा तो 'काटा'. मोरी या लहान शार्कला काटे नसतात म्हणून लहान मुलांना तीच वाढतात. मधला कणा मात्र असतो, त्याला आई 'मऊ हाड' म्हणते. पत्रकात हा शब्द एकदा तरी यावा, मुलं लगेच ओळखतील. एक शंका: अंगावरच्या पट्ट्यांना 'सांगाडा' म्हणता येईल? सांगाडा आतला, नाही का?

प्रतिसाद

कान बरोबर आहे. घराचा सांगाडा म्हणतो तोही भिंतींच्या आतलाच. पट्ट्यांना 'कवच' चालेल, पण कवच शिंपल्याचंही असतं. 'चिलखत' अधिक नेमका वाटतो, कारण ते तुकडे जोडून केलेलं असतं. एवढं लक्षात असू द्या की ते चिलखत पूर्ण गेलेलं नाही. आपल्या कवटीचा वरचा भाग कूर्चेतून न जाता थेट त्वचेखाली हाड होतो. तो त्याच जुन्या पट्ट्यांचा वारसा आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. वाक्य आता असं केलं आहे: "हाड असलेल्या पहिल्या माशांचं हाड बाहेर होतं, चिलखतासारखं, आत होती कूर्चा, म्हणजे मऊ हाड. शार्कच्या पूर्वजांना आतही हाड असावं, ते पुढे नाहीसं झालं." 'कास्थी' कंसात देते, शाळेत तोच शब्द भेटणार आहे. आणि मुलांना टाळूवर हात ठेवून बघायला सांगणार आहे.