अनुभवी माणूसच नावाला जास्त फसतो

व्हेरिएबलची, म्हणजे प्रोग्राममध्ये एखादी किंमत साठवायच्या जागेची, नावं ही नुसती सजावट, अनुभवी माणूस लॉजिक बघून कोड समजून घेतो, असं एक मत आहे. मला हे अजिबात पटत नाही. १९८४ साली सोलोवे आणि अर्लिक या संशोधकांनी हेच तपासलं होतं. प्रोग्राममधली एक ओळ कोरी ठेवून ती भरायला सांगितली. नेहमीच्या वळणाच्या प्रोग्राममध्ये अनुभवी लोक नवशिक्यांच्या बरेच पुढे होते. पण व्हेरिएबलचं नाव 'मॅक्स' (म्हणजे सर्वांत मोठी) आणि काढायची मात्र सर्वांत लहान संख्या, अशी मोडतोड केली की हेच लोक घसरून नवशिक्यांच्या जवळ आले. ओळखीची खूण दिसली की ते पुढचं गृहीत धरतात.

लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानाचं जुनं सॉफ्टवेअर दुरुस्त करताना मी हे भोगलंय. सोयाबीनच्या पट्टीत, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशेबात, तोलाई (माल तोलण्याची मजुरी) दोनदा कापली जात होती. 'हमाली' नावाच्या व्हेरिएबलमध्ये आधीच्या माणसानं हमाली अधिक तोलाई अशी बेरीज भरली होती, आणि खाली तोलाई पुन्हा वेगळी वजा होत होती. दहा वर्षं कोड लिहितोय, तरी तीन संध्याकाळ त्या ओळीवरून नजर नुसती पुढं जायची. शेवटी मुनीमकाकांनी हातानं केलेली पट्टी शेजारी ठेवून एकेक आकडा मोठ्यानं वाचला, तेव्हा हमालीवर येऊन दोघंही थांबलो. कापले जात होते ते शेतकऱ्याचे पैसे, हे आजही मनाला लागतं. त्या रात्री आधी नाव बदलून 'हमाली_तोलाई' केलं, मग खालची ओळ काढली.