मदत हवी आहे: एक्सपी फार्म म्हणजे चीटिंग का?

टिळकवाडी, खानापूर, निपाणीची मिळून आम्ही आठ पोरं एका खासगी माइनक्राफ्ट सर्व्हरवर खेळतो. जावा एडिशन (कॉम्प्युटरवरची आवृत्ती), व्हॅनिला (म्हणजे काही बदल न केलेला मूळ गेम), प्लगइन (सर्व्हरला जोडायची जादा सॉफ्टवेअर) नको आहेत. एकानं झोंबी स्पॉनरवर (झोंबी आपोआप तयार करणारा ब्लॉक) एक्सपी फार्म बांधलाय, म्हणजे झोंबी एका जागी गोळा करून मारत अनुभवाचे पॉइंट (एक्सपी) कमवायची सोय. हॅक नाही, मॉड नाही, त्यामुळं मला त्यात वावगं वाटत नाही. पण स्पॉनर चालायला 16 ब्लॉकच्या आत थांबावं लागतं, म्हणून गडी ऑटोक्लिकर (माउसचं क्लिक आपोआप करत राहणारं सॉफ्टवेअर) लावून खुशाल जेवायला जातो! लेव्हल 30 चं एन्चांटिंग (एक्सपी खर्चून हत्यारं-अवजारांना जादा ताकद देणं) त्याला रोजचंच, बाकीचे खाणीत घाम गाळतात.

आयडल टाइमआउट (काहीच न करणाऱ्याला सर्व्हरबाहेर काढायची सेटिंग) 10 मिनिटांवर ठेवून बघितला, पण क्लिक चालू असल्यानं तो बाहेर पडतच नाही. मत घेतलं तर चार-चार. सीमाप्रश्नागत भिजत पडलंय.

फार्म राहू देऊन फक्त ऑटोक्लिकर बंद करायचा, तर तो वापरतोय हे प्लगइनशिवाय ओळखायचं कसं? आणि तुमच्या सर्व्हरवर रेघ नेमकी कुठं मारलीय?